किती वाव पाणी?

वाचायला बसला असाल तर आधी उभे राहा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणून पसरा. आता ताईला नाहीतर दादाला सांगा, एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप लावायला. किती भरलं? मग स्वतःची उंची मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतील!

पसरलेल्या हातांमधल्या या अंतराला मराठीत ‘वाव’ म्हणतात. पाण्याची खोली सांगायचं हे जुनं माप. पाच वाव पाणी, वीस वाव पाणी. दोर पाण्यातून वर ओढायचा आणि ओढता ओढता हात पसरून मोजायचा, वेगळी मोजपट्टी लागतच नाही. इंग्रज खलाशांचं ‘फॅदम’ हे मापही असंच पसरलेल्या हातांवरून आलेलं आहे. पुढे त्यांनी ते सहा फुटांवर, म्हणजे साधारण १.८३ मीटरवर पक्कं केलं. इतक्या लांब लांबच्या किनाऱ्यांवरच्या माणसांना पाणी मोजायला आधी आपलेच हात आठवले, हे मला फार आवडतं.

पण मोजायची गरजच काय? वाकून बघावं की! तर तिथेच सगळी अडचण आहे. समुद्रात साधारण २०० मीटर खाली गेलं की उजेड अगदी क्षीण होतो आणि १,००० मीटरच्या खाली सूर्याचा एक किरणही पोचत नाही. समुद्राची सरासरी खोली आहे जवळजवळ ३,७०० मीटर. म्हणजे पृथ्वीचा निम्म्याहून जास्त भाग गडद अंधारात झाकलेला. डोळ्यांवर पट्टी बांधून अनोळखी घरात सोडलं तर तुम्ही काय कराल? हाताने चाचपत जाल. माणसाने समुद्राच्या तळाशी नेमकं हेच केलं.

चाचपायला होता एक दोर आणि त्याच्या टोकाला शिशाचा जड गोळा. गोळ्याच्या बुडाला खळगा असे. त्यात चरबी भरायची. गोळा तळाला टेकला की चरबीला तिथली वाळू, चिखल, शंखांचे तुकडे चिकटून वर येत. जुने खलाशी तो चिखल बघून सांगत, आपण कुठे आलो आहोत ते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की इजिप्तचा किनारा अजून एका दिवसाच्या वाटेवर असतानाच अकरा वाव खोलीवरून चिखल वर येतो. तो चिखल नाईल नदीचा. किनारा दिसायच्या आधीच दोराच्या टोकाला चिकटून तो येई!

किनाऱ्याजवळ हे ठीक होतं. भर समुद्रात मात्र दोर संपायचा आणि तळ लागायचाच नाही. १८४० साली दक्षिण अटलांटिक महासागरात जेम्स क्लार्क रॉस यांनी २,४२५ फॅदम, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर दोर सोडला आणि तळ गाठला. एवढ्या खोलीचं हे पहिलंच खरंखुरं मोजमाप मानतात. मग तारायंत्र आलं. युरोप आणि अमेरिकेमध्ये समुद्राच्या तळाशी केबल टाकायची, तर तळ सपाट आहे की खडबडीत, हे नको का कळायला? त्यासाठी मोजणीला जोर आला. अमेरिकेच्या आरमारातल्या मॅथ्यू मोरी यांनी उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा १८५०च्या दशकात छापलासुद्धा. आपल्या मुंबईहूनही १८७० साली एडनपर्यंत अशीच समुद्राखालची केबल टाकली गेली. ती टाकणाऱ्या जहाजाचं नाव होतं ग्रेट ईस्टर्न.

आता एका वेगळ्याच जहाजावर चढू या. नाव चॅलेंजर. ही होती ब्रिटिश आरमाराची युद्धनौका, पण १८७२च्या डिसेंबरमध्ये ती इंग्लंडहून निघाली तेव्हा तिच्यावरच्या बहुतेक तोफा काढून टाकलेल्या होत्या. तोफांच्या जागी प्रयोगशाळा, बाटल्या, जाळी आणि मैलोन् मैल दोर. काम एकच, जगभरचे समुद्र तपासायचे. साडेतीन वर्षं ती फिरत राहिली. सव्वा लाख किलोमीटरहून जास्त प्रवास झाला.

खोली मोजायची वेळ आली की जहाज थांबवायचं आणि वजन बांधलेला दोर सोडायचा. आता गंमत ऐका. तीन-चार किलोमीटर खाली वजन टेकलं, तर वर हाताला धक्का जाणवत नाही, कारण सुटलेला दोरच इतका जड झालेला असतो. मग कळायचं कसं? दोरावर ठरावीक अंतराने खुणा केलेल्या असत. एक जण घड्याळ घेऊन उभा राहायचा. पहिली खूण पाण्यात गेली, दुसरी गेली, तिसरी गेली... दोन खुणांमधला वेळ हळूहळू वाढत जायचा. आणि मग एकदम खूप वाढायचा. तोच क्षण! वजन तळाला टेकलं, आता खाली ओढणारं कुणी उरलं नाही. लगेच आकडा वहीत. मग तोच दोर वर ओढायचा. नकाशावरच्या एका टिंबासाठी काही तास.

२३ मार्च १८७५ रोजी प्रशांत महासागरात, मारियाना बेटांच्या बाजूला असाच दोर सोडला. तो जातच राहिला. ४,४७५ फॅदम! म्हणजे ८,१८४ मीटर. पाण्याचा दाब एवढा होता, की खाली सोडलेले तापमापक फुटून वर आले. पुढे कळलं, की जगातल्या सगळ्यात खोल जागेच्या जवळ ते पोचले होते. ती जागा जवळजवळ ११ किलोमीटर खोल आहे. एव्हरेस्ट उचलून तिथे ठेवला तर त्याच्या माथ्यावर आणखी दोन किलोमीटर पाणी राहील. आज त्या जागेचं नाव आहे ‘चॅलेंजर डीप’.

या साऱ्या सफरीत त्यांनी खोल समुद्राची मोजमापं केली ४९२. आपण जरा गणित करू. जगातल्या समुद्रांचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. त्याला ४९२ ने भागा. एका टिंबाच्या वाट्याला सात लाख चौरस किलोमीटरहून जास्त जागा येते. त्यात दोन महाराष्ट्र मावतील! समजा परग्रहावरच्या कुणी ढगांमधून दोर सोडून महाराष्ट्र मोजायचं ठरवलं आणि दोर पडला नेमका लातूरला. तो लिहील, ‘महाराष्ट्र, उंची सहाशे मीटर.’ संपलं. कळसूबाई नाही, सह्याद्री नाही, कोकणसुद्धा नाही. म्हणूनच खूप दिवस लोकांना वाटत होतं, की समुद्राचा तळ म्हणजे चिखलाचं एक भलंमोठं सपाट मैदान. अटलांटिकच्या मधोमध तळ थोडा उंच आहे, एवढं चॅलेंजरच्या दोराला जाणवलं होतं. पण त्या उंचवट्याचा आकार कसा आहे, हे दोन-चार टिंबांवरून कोण सांगणार?

दोराने काम भागणार नव्हतं. चाचपणं सोडून ऐकायला लागायचं होतं.

माथेरानच्या एको पॉइंटवर कुणी कुणी ओरडला आहात? आपला आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. कडा लांब असला तर उशिरा, जवळ असला तर लवकर. मग पाण्यात ओरडलो तर? आवाज पाण्यातून नुसता जात नाही, हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने जातो. १८२६ साली जिनिव्हाच्या तळ्यात कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनी हे मोजून दाखवलं होतं. एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवायची. तेरा किलोमीटरहून लांब दुसरी होडी. तिथला माणूस पाण्यात मोठी नळी घालून कान लावून बसलेला. जाळ दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. मध्ये गेले सुमारे साडेनऊ सेकंद. करा भागाकार!

१९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडालं आणि पाण्यातला धोका आधीच ओळखायच्या युक्तीमागे बरेच जण लागले. रेजिनाल्ड फेसेंडन यांनी १९१४ मध्ये जहाजातून आवाज सोडून दूरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. त्याच वेळी समुद्राच्या तळाचाही प्रतिध्वनी ऐकू आला. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला, तर आवाज एकूण ६,००० मीटर फिरला. जायचे ३,००० आणि यायचे ३,०००. म्हणजे खोली ३,००० मीटर. ज्या टिंबाला काही तास लागत, ते चार सेकंदांत! जहाज थांबवायचीही गरज नाही. मेटेऑर नावाच्या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिक तेरा वेळा ओलांडला आणि ६७,००० च्या आसपास मोजमापं केली. मधल्या उंचवट्याचा खरा चेहरा आता दिसू लागला. तो होता खडबडीत, शिखरांचा, दऱ्यांचा डोंगर.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. मेरी थार्पची.

मेरी अमेरिकेतली. तिचे वडील सरकारसाठी शेतांमधल्या मातीचे नकाशे करायचे. काम गावोगावी, त्यामुळे मेरीच्या शाळा सतत बदलत. वडिलांबरोबर शेतांमधून हिंडताना नकाशा कसा होतो, हे ती लहानपणीच बघत होती. पुढे ती भूगर्भशास्त्र शिकली, गणितही शिकली आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कामाला लागली. तिथे ब्रूस हीझन नावाचा संशोधक जहाजावर जाई आणि प्रतिध्वनीचे आकडे घेऊन येई. मेरीला मात्र जहाजावर जायला बंदी. का? तर ती मुलगी म्हणून. बायकांना त्या काळी संशोधनाच्या जहाजांवर घेतच नसत. हा निखळ अन्याय होता. तिला समुद्रावरच्या मोहिमेत जायला मिळालं ते थेट १९६८ साली.

तेव्हा ती टेबलाशी बसली. समोर हजारो आकडे, हातात टाक आणि काळी शाई. जहाज अटलांटिक ओलांडून गेलं, की त्या वाटेवरच्या खोलीची एक वेडीवाकडी रेघ तयार व्हायची. अशा सहा वाटांच्या सहा रेघा तिने एकाखाली एक मांडल्या. प्रत्येक रेघेत मध्ये डोंगर होताच. पण तिला दुसरंच काही दिसलं. डोंगराच्या ऐन माथ्यावर एक खाच. पहिल्या रेघेत, दुसऱ्या रेघेत, पुढच्यांमध्येही. डोंगराच्या माथ्यावरून लांबच लांब दरी गेली होती, जणू कुणी तळ दोन्ही बाजूंना ओढून फाडला असावा!

तिने ब्रूसला दाखवलं. त्याने हे ‘पोरींच्या गप्पा’ म्हणून उडवून लावलं. कारण ही दरी खरी असेल, तर खंडं एकमेकांपासून सरकतात हे मानावं लागणार होतं. तसं १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी सांगितलं होतं आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी ते धुडकावलं होतं. मेरी वाद घालत बसली नाही. तिने पुन्हा आकडे तपासले.

शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा तरुण चित्रकार काम करत होता. त्याला ऐकू येत नसे. तो दुसराच नकाशा करत होता, समुद्रात भूकंप कुठे कुठे झाले त्याचा. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात होते. ते एकावर एक ठेवून खालून दिवा लावला. भूकंपांची टिंबं ओळीने मेरीच्या दरीत जाऊन बसली! आता ब्रूसलाही मान्य करावं लागलं.

१९५७ मध्ये उत्तर अटलांटिकचा त्यांचा नकाशा आला. खोलीचे नेमके आकडे अमेरिकन आरमाराने गुप्त ठेवले होते, त्यामुळे ते छापता येत नव्हते. म्हणून मेरीने वेगळीच वाट काढली. सगळं पाणी आटलं आहे आणि आपण विमानातून तिरपं खाली बघतो आहोत, असा तळ तिने रेखाटला. डोंगर डोंगरासारखे, दऱ्या दऱ्यांसारख्या. हा नकाशा वाचायला शास्त्रज्ञ असायची गरजच नव्हती. फ्रान्सचे प्रसिद्ध पाणबुडे जाक कुस्तो यांचा त्या दरीवर विश्वास नव्हता. त्यांनी जहाजामागून पाण्याखाली कॅमेरा ओढत नेला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी ती फिल्म दाखवली. पडद्यावर मेरीच्या दरीचे काळे कडे उभे होते.

ही दरी एकट्या अटलांटिकची नव्हे. समुद्राखालची ही डोंगररांग सगळ्या पृथ्वीभर फिरते, सुमारे ६५,००० किलोमीटर लांब. तिच्या भेगेतून खालचा तप्त रस वर येतो, थिजतो आणि नवा तळ तयार होतो. जुना तळ दोन्ही बाजूंना सरकतो, आपली नखं वाढतात साधारण त्याच वेगाने. या रांगेची एक शाखा आपल्या अरबी समुद्रातही आहे, कार्ल्सबर्ग रांग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसातून घडत होता त्याच सुमाराला, भारताच्या पश्चिम कडेला चिकटलेली सेशेल्स बेटं सुटी झाली. या रांगेच्या भेगेतून मध्ये नवा तळ तयार होत गेला आणि ती दूर गेली. आज त्यांच्या आणि आपल्यामध्ये अख्खा अरबी समुद्र पसरला आहे.

हिंदी महासागर तोवर फारसा कुणी मोजलेला नव्हता. १९६०च्या आसपास अनेक देशांनी मिळून त्याची मोठी पाहणी केली. मेरी आणि ब्रूसने त्या आकड्यांवरून नकाशा रेखला, ऑस्ट्रियाचे डोंगर-चित्रकार हाइनरिख बेरान यांनी तो रंगवला आणि १९६७ मध्ये तो छापून आला. याच पाहणीमुळे १ जानेवारी १९६६ रोजी भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. गोव्याला दोना पावलाला गेला असाल, तर ती बघितली असेल. तिचे पहिले संचालक पणिक्कर. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून खूप आत, अरबी समुद्राच्या तळाशी, पणिक्करांच्या नावाचा डोंगर आहे. शेजारी सर सी. व्ही. रामन यांच्या नावाचा आणि भूगर्भशास्त्रज्ञ वाडिया यांच्या नावाचाही. वाडिया डोंगराचा माथा सपाट आहे. यातला एकही पाण्याबाहेर डोकं काढत नाही. आणि भारताच्या समुद्राचे अधिकृत नकाशे कुठे होतात, ठाऊक आहे? मुंबईला नाही, कोचीला नाही. हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनला!

यानंतर माणूस थेट आकाशात गेला. तुम्ही म्हणाल, पाण्याचा पृष्ठभाग तर सपाट असतो, वरून काय कळणार? समुद्र सपाट नसतो! तळाशी दोन किलोमीटर उंच डोंगर असेल, तर तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतो आणि त्याच्यावर पाण्याला सुमारे दोन मीटरचा फुगवटा येतो. तो इतका पसरट असतो, की जहाजातल्या माणसाला काहीच कळत नाही. उपग्रहाला कळतं. भारत-श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरीपेक्षा शंभर मीटरहून खाली गेलेला आहे. वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी उपग्रहांच्या मोजमापांवरून १९९७ मध्ये जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा दिला. त्यात हजारो नवे डोंगर निघाले.

पण हा नकाशा धूसर आहे. चष्मा काढून बघावं तसा. लहान डोंगर त्यात हरवतात आणि हरवलेला डोंगर महागात पडतो. १९७३ मध्ये म्युअरफिल्ड नावाचं जहाज हिंदी महासागरात कोकोस बेटांजवळून चाललं होतं. नकाशात तिथे ५,००० मीटरहून जास्त पाणी. आणि जहाज धाडकन आदळलं! दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या जहाजाने नीट मोजलं, तेव्हा कळलं, की तिथे समुद्राच्या तळापासून उठलेला डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर पाणी आहे फक्त १८ मीटर. म्हणजे दहाच वाव!

म्हणून बारीक मोजणी अजूनही जहाजांनाच करावी लागते. आता जहाज आवाजाची एकच रेघ सोडत नाही, खराट्याच्या काड्यांसारखे अनेक किरण एकदम सोडतं आणि तळाचा रुंद पट्टाच झाडत पुढे जातं. २०३० पर्यंत सगळा तळ असा मोजायचा, असा संकल्प जगातल्या समुद्रवैज्ञानिकांनी केला आहे. २०१७ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा फक्त ६ टक्के तळ मोजलेला होता. २०२५ मध्ये तो २७ टक्क्यांवर पोचला.

आता तुमची पाळी. एक घमेलं घ्या. मित्राला सांगा, तुम्ही न बघता त्याच्या तळाशी दोन-तीन उपड्या वाट्या आणि दगड ठेवायला, वर पाणी ओतून त्यात मूठभर माती कालवायला. तळ दिसता कामा नये. दोऱ्याला लोखंडी नट बांधा, दर दोन सेंटिमीटरवर गाठ मारा आणि पाच ठिकाणी खोली मोजून कागदावर तळाचं चित्र काढा. मग पंचवीस ठिकाणी मोजा आणि दुसरं चित्र काढा. शेवटी पाणी अलगद झाडांना घाला आणि खरा तळ बघा. दोन्ही चित्रं आम्हाला पाठवा आणि पहिल्या चित्रात कोणती वाटी हरवली होती, तेही नक्की लिहा.